उंबऱ्यापाशी निघणारा बूट : पायाच्या एका फ्रॅक्चरचं प्रकरण

माझ्या पेशंट असलेल्या एक मावशी फ्रॅक्चरनंतर तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आल्या तेव्हा वॉकर बूट (मोडलेला पाय न हलता चालता यावं म्हणून घालतात तो) पायात होता, त्याचे सगळे पट्टे घट्ट ओढलेले होते आणि दुखणं मात्र पहिल्या आठवड्यापेक्षा वाढलेलं होतं. संध्याकाळी पाय सुजतो, रात्री बाहेरच्या कडेला ठणकतं, असं सून सांगत होती. पाचव्या मेटाटार्सलच्या, म्हणजे करंगळीच्या मागच्या लांब हाडाच्या, बुडाशी झालेलं फ्रॅक्चर, तेही त्यातल्या त्यात सोप्या जातीचं. हाडांच्या डॉक्टरांनी उपचार योग्य दिलेले, बूटही चांगला घेतलेला. अशा फ्रॅक्चरमध्ये तिसऱ्या आठवड्यात दुखणं उतरणीला लागलेलं असतं. इथे उलटं चाललं होतं. ते का, हे शोधताना मला माझ्याच कामातली एक मोठी चूक सापडली, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. मी अमळनेर-पारोळा भागात फिजिओथेरपीचं काम करते. घरच्यांनी लिहायला होकार दिला आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

मावशींचं वय ५२. बोरी नदीच्या काठचं गाव, कापसाची शेती, दोन म्हशी. घरात सासू, नवरा, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. सहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू, साखर कधी आटोक्यात तर कधी नाही. दात घासायला मशेरी.

आषाढातली सकाळ होती, रात्री पाऊस पडून गेलेला. ओट्याची खालची पायरी एका कोपऱ्याला फुटलेली. ती तशी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत आहे म्हणूनच कोणी ती दुरुस्त केली नव्हती. ढेपेचं घमेलं कडेवर घेऊन गोठ्याकडे निघालेल्या मावशींचा डावा पाय त्या कोपऱ्यावर पडला आणि आतल्या बाजूला मुरडला. ‘कट्’ असा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला होता. तरीही घमेलं गोठ्यात नेऊन ठेवलं आणि मगच त्या खाली बसल्या.

पुढचे तीन दिवस आंबेहळदीच्या गरम लेपात गेले. शेजारच्या गावातल्या मुरगळ उतरवणाऱ्या एकांनी पाय तेल लावून चोळला, बोटं ओढली. चालता येत होतं, म्हणून मोडलं असेल असं कोणाला वाटलं नाही. हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. पायाच्या पंजात २६ हाडं असतात. त्यातलं एखादं मोडलं तरी माणूस लंगडत का होईना चालतो. मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे फोटो कधी काढायचा याचे साधे नियम १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी मांडले आणि ते आजही जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचं टोक किंवा मागची कडा, पायाच्या आतल्या बाजूचा कमानीवरचा उंचवटा आणि बाहेरच्या कडेचा मधोमध लागणारा उंचवटा, या जागा दाबून पाहायच्या. यातली एकही जागा बोटाने दाबल्यावर थेट हाडावर दुखत असेल तर फोटो काढायचा. चार पावलं टाकता येत नसतील तरी काढायचा. मावशींना चार पावलं टाकता येत होती, पण बाहेरच्या उंचवट्याला बोटही लावू देत नव्हत्या. चौथ्या दिवशी सुनेच्या भावाने गाडीवर बसवून तालुक्याला नेलं आणि फोटोत रेघ दिसली.

बाहेरचा तो उंचवटा म्हणजे करंगळीच्या मागच्या लांब हाडाचं बूड. पोटरीच्या बाहेरच्या बाजूने खाली येणारा पेरोनियस ब्रेव्हिस नावाचा स्नायू आपल्या दोरीसारख्या कंडऱ्याने तिथेच बांधलेला असतो. तळव्याच्या जाड पडद्याचा एक पदरही तिथेच येऊन धरतो. पाय अचानक आत मुरडला की शरीर सावरण्यासाठी या दोऱ्या जोरात ताणल्या जातात आणि हाडाचा टवका ओढून काढतात. मावशींचं फ्रॅक्चर हे असं होतं. टवका जेमतेम सरकलेला, सांध्यात फट गेलेली नाही.

त्याच हाडावर जरा पुढे, दीड-दोन सेंटीमीटरवर, रेघ असती तर गोष्ट वेगळी होती. त्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. सर रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश शल्यविशारदाने १९०२ मध्ये त्याचं वर्णन लिहिलं, आणि त्यात नाचताना मोडलेला त्याचा स्वतःचा पायही होता. त्या जागेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतही नाही. तिथे सहा-आठ आठवडे पाय अजिबात टेकू देत नाहीत किंवा स्क्रू टाकतात. हे मुद्दाम सांगते, कारण ‘तिलाही करंगळीच्या मागेच मोडलं होतं, ती बुटावर चालत होती’ असं ऐकून कोणी स्वतःच्या पायाचा निर्णय घेऊ नये. पुढे जे लिहिलं आहे ते मावशींच्या फ्रॅक्चरसाठी होतं. तुमच्या पायावर किती भार द्यायचा हे तुमचा फोटो पाहिलेला डॉक्टरच सांगेल.

मावशींना डॉक्टरांनी गुडघ्याखालपर्यंत येणारा वॉकर बूट दिला. सहन होईल तेवढा भार द्यायचा, उभं राहायचं आणि चालायचं ते बूट घालूनच, झोपताना काढला तरी चालेल, सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो. पहिले काही दिवस हाताने धरून चालायचा चौपायी वॉकरही. आठवड्याभराने मी पाहिलं तेव्हा सूज बेताची होती. मी विचारलं, “मावशी, बूट घालता ना?” त्या म्हणाल्या, “घालस ना ताई.” मी कागदावर टिक केली. हीच ती चूक.

तो बूट नेमकं काय करतो हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपण अनवाणी चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला टाच उचलली की पंजा बोटांच्या बुडाशी वाकतो आणि लांब हाडांवर ताण येतो. बुटाचा तळ लाकडी फळीसारखा कडक असतो, तो वाकत नाही. मग पुढचं पाऊल पडायचं कसं? त्यासाठी तो खालून पाळण्याच्या पायांसारखा गोलसर केलेला असतो. पंजा न वाकवता माणूस त्या गोलाईवर टाचेकडून बोटांकडे झुलतो. दुसरी गोष्ट, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमुळे घोटा आत-बाहेर वळत नाही. घोटा वळला नाही की त्या पेरोनियसला सावरायचं काम पडत नाही, आणि तो टवक्याला ओढत नाही. बूट हाड जोडत नाही. हाड शरीर स्वतःच जोडतं. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ, चिकट जोड तयार होतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो कडक होत जातो. त्या काळात कोणी तो जोड हलवत राहू नये एवढंच बुटाचं काम. मधुमेहात हे सगळं सावकाश चालतं आणि तंबाखू त्याला आणखी खोडा घालते. मशेरी सोडण्याबद्दल आमचं जे बोलणं झालं त्याला निम्मंच यश आलं. दोन वेळची एक वेळ झाली.

तर तिसरा आठवडा. मी बूट काढायला लावला. आतला कापडी मोजा स्वच्छ होता. बुटाचा तळ उलटा करून पाहिला. कडेला अंगणातली काळी माती होती, पण खाचा जवळजवळ कोऱ्या होत्या. तीन आठवडे चालल्यावर इतका कोरा तळ राहत नाही. मग मावशींचा पाय मांडीवर घेतला. मधुमेहात तळवा रोज पाहायचा असतो, म्हणून मी तो नेहमीच उलटा करून पाहते. टाचेला भेगा होत्या आणि त्या भेगांत दादर ज्वारीचं पीठ भरलेलं होतं. पांढुरकं, बारीक, दाबून बसलेलं. जखम आहे का ते पाहायला मी ओल्या कापसाने पुसलं तर ते लुकणासारखं निघालं. एका दिवसात असं पीठ बसत नाही. डावी टाच, फ्रॅक्चरवाली.

मी विचारलं, “मावशी, भाकरी करताना बूट कुठे असतो?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी भलतंच विचारलं आहे. “बाहेर जाताना घालस ना ताई. घरमा कशी घालू? घरमा देव शे, चूल शे.”

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. मी विचारलं होतं, बूट घालता का. त्या घालत होत्या, पायात घालायच्या कुठल्याही वस्तूबाबत जे करतात तेच करत होत्या. अंगणात घातला, उंबऱ्याशी काढला, चपलांच्या रांगेत लावून ठेवला. लहानपणापासून हाडीमाशी खिळलेली ही सवय आहे, तिच्यात विचार करण्यासारखं काही त्यांना वाटलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “चालताना बूट.” त्यांच्या कानांनी ऐकलं, “बाहेर चालताना बूट.” घरात वावरतो त्याला आपण चालणं म्हणतच नाही. ‘आज कुठे चालले, घरातच तर होते,’ हे वाक्य मी त्याआधी कितीतरी बायकांकडून ऐकलं होतं आणि त्यावर कधी थांबले नव्हते.

सुनेला जवळ बसवून आम्ही आदल्या दिवसाचा हिशेब मांडला. पहाटे पाचला उठून परसातल्या संडासात, अनवाणी. नळाला पाणी आलेला दिवस होता, म्हणजे तासभर हंडे-कळशा, अनवाणी. चहा, देवपूजा, स्वयंपाक, धुणं, दुपारी डाळ निवडणं, पुन्हा संध्याकाळची चूल. बूट पायात होता तो गोठ्यात जाताना, शेजारी बसायला जाताना आणि दवाखान्यात येताना. बेरीज केली तेव्हा बुटात जेमतेम दीड तास आणि बुटाशिवाय पायावर पाच तासांच्या वर. शिवाय ते पाच तास शहाबादी फरशीवर.

“पण बसूनच तर करतात आत्याबाई बरंचसं काम,” सून म्हणाली. म्हटलं, कशा बसतात ते दाखवा. मावशींनी माझ्या खोलीत चटईवर बसून दाखवलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मांडी घालून बसलं की पायाची बाहेरची कड जमिनीवर टेकते आणि अंगाचा भार येतो तो नेमका त्या उंचवट्यावर. भाकरी थापायला एक गुडघा उभा करून पुढे झुकलं, तर आडव्या पायावरचा दाब आणखी वाढतो. उठताना त्याच कडेवर जोर देऊन त्या उठत. आम्ही त्यांना विश्रांती घ्या म्हणून सांगत होतो, त्या बसत होत्या, आणि बसताना मोडलेल्या हाडालाच पाटासारखं खाली घेत होत्या. पायाच्या बाहेरच्या कडेचं फ्रॅक्चर असलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला ‘मांडी घालू नका’ हे पहिल्या दिवशी सांगायला हवं. मी सांगितलं नव्हतं. आमची पुस्तकं खुर्चीवर बसणाऱ्या माणसांसाठी लिहिलेली आहेत, पण माझ्या खोलीत चटई होती आणि डोळेही होते.

त्या दिवशी मी मावशींना रागावले नाही. रागावण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने दोन्ही तळवे तपासले. सगळ्या जागी स्पर्श कळत होता, म्हणजे मधुमेहाने पायाची जाणीव अजून नेली नव्हती. ती गेलेली असती तर दुखलंच नसतं आणि हाड गुपचूप सरकत गेलं असतं. पोटरी मऊ होती, दाबून दुखत नव्हती. बुटात पाय अडकून असला की पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून पोटरी सुजली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागली तर तडक दवाखाना गाठायचा, हे सुनेला पुन्हा सांगितलं. डॉक्टरांना फोन करून त्यांनाही कळवलं. मग दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले.

खान्देशातलं जुनं घर. ओटा, उंबरा, मग लांबट खोली, तिच्या टोकाला देवघराचा कोनाडा आणि त्याला लागूनच स्वयंपाकघर. देवघर ओलांडल्याशिवाय चुलीकडे जाता येत नाही. उंबऱ्याबाहेर चपलांची रांग, त्यात तो काळा बूट, टाच भिंतीला लावून नीट उभा केलेला. आत कोपऱ्यात बाजेवर आजी, म्हणजे मावशींच्या सासूबाई. वय ऐंशीच्या घरात, नजर तीक्ष्ण. घरात बूट चालेल की नाही याचा निर्णय आप्पा, म्हणजे मावशींचे यजमान, घेणार नव्हते आणि मावशी तर नाहीच. तो आजींचा होता.

मी शास्त्र सांगायला सुरुवात केली. आजींनी मध्येच विचारलं, हा जोडा चामड्याचा आहे का? नाही, म्हटलं, प्लास्टिक, फोम आणि कापड. मग त्यांनी विचारलं, हा बाहेर शेणामातीत गेला आहे का? गेला होता. मग तो आत येणार नाही, त्या म्हणाल्या, आणि मला ते पटलं. गोठ्यातला बूट चुलीपाशी नेऊ नये, यात फक्त सोवळं नाही, स्वच्छताही आहे. मी माझ्या बाजूने एकच गोष्ट विचारली. “आजी, मावशींना प्लास्टर घातलं असतं तर ते उंबऱ्याशी काढायला लावलं असतं का?”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “पिलास्टर कोन काढस माय? पिलास्टर घरमा चालस, मंग हाई बी चालस. पन बाहेरनं नको, नवं आनजा.”

त्या एका वाक्याने माझं काम झालं. सगळी अडचण ‘बूट’ या शब्दात होती. बूट म्हटलं की तो पायताणांच्या रांगेत जाऊन बसतो आणि पायताणाचे सगळे नियम त्याला लागतात. प्लास्टर हे अंगाचा भाग मानलं जातं. ते घेऊन माणूस देवळातही जातो, पंगतीलाही बसतो. वॉकर बूट हे मुळात सुटं प्लास्टरच आहे, आंघोळीला आणि झोपेला काढता येतं एवढाच फरक. तेव्हापासून मी पेशंटशी बोलताना ‘सुटं प्लास्टर’ हाच शब्द वापरते. बूट म्हणते ते दुकानदाराशी बोलताना.

दुसरा वॉकर बूट घ्यायचा म्हणजे पुन्हा दोन-अडीच हजारांची गोष्ट, आणि पेरणीनंतरचे दिवस, हातात पैसा नाही. म्हणून जागा बदलल्या. मोठा बूट गरम पाणी आणि साबणाने तळापासून घासून धुतला, आतलं अस्तर काढून उन्हात वाळवलं आणि तो कायमचा आत घेतला, कारण जास्त वावर आत होता. बाहेरसाठी डॉक्टरांना विचारून कडक तळाचा उघडा कास्ट शू घेतला, त्याला खर्च बराच कमी. आणि गोठा सहा आठवडे बंद. ओल्या शेणावर पाय घसरला तर बूट असो की नसो, उपयोग नाही. म्हशींचं काम मुलाने घेतलं. सुरुवातीला त्याने कुरकूर केली, मग आठवड्याभरात त्याला म्हशींची नावं घेऊन बोलताना सुनेने ऐकलं.

दुसऱ्या पायाचा प्रश्न मला आधीच सुचायला हवा होता, पण घरात पहिल्यांदा बूट घालून मावशी चालल्या तेव्हा तो समोर आला. बुटाचा तळ दोन-अडीच सेंटीमीटर जाड. उजवा पाय अनवाणी. म्हणजे एक पाय ओट्यावर आणि एक अंगणात, असं चालणं. चार दिवसांत कंबर धरली असती. दोन्ही पाय एका उंचीवर आणायला उजव्या पायातही काहीतरी हवं होतं, आणि तेही कोरं. आप्पा बाजारातून साधी रबरी चप्पल घेऊन आले आणि चप्पल दुरुस्त करणाऱ्या दादांकडून तिला खालून दोन थर रबरी शीट चिकटवून घेतली. मोजायला मी मावशींना बूट घालून भिंतीशी उभं केलं आणि मागून कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवले. दोन्ही हात एका रेषेत येईपर्यंत चप्पल दोनदा परत गेली. आजींनी ती चप्पल घरात येण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडलं.

स्वयंपाकाचं काय? चूल तीन आठवड्यांसाठी बंद करून भाकरी गॅसच्या ओट्यावर आली. ओट्याला लागून उंच स्टूल, त्यावर मावशी, डावा पाय बुटासकट खाली ठोकळ्यावर टेकवलेला. कळण्याची भाकरी बसून थापणाऱ्या हाताला ती उंची सवयीची नव्हती, पहिले दोन दिवस भाकरी जाड झाल्या. डाळ निवडायला खुर्ची. रात्रीचा संडास ही सगळ्यात धोक्याची वेळ, झोपेत पट्टे कोण लावणार? म्हणून बूट बाजेच्या डाव्या बाजूला तोंड उघडं करून ठेवायचा, पाय खाली सोडला की सरळ आत जाईल असा, आणि दिवा रात्रभर चालू. पहिल्या आठवड्यात सून स्वतः उठून बघायची.

पावसाळ्याच्या दमट हवेत बुटात पाय घामेजतो. दोन सुती मोजे, एक पायात आणि एक दोरीवर. दिवसातून दोनदा, पाय खुर्चीवर उचलून ठेवून, बूट काढायचा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. नडगीवर वरच्या पट्ट्याखाली एक लाल चट्टा दिसला, तिथे पट्टा एक खाच सैल केला आणि घोट्याचा घट्ट केला. लोक हे उलटं करतात, वर आवळतात आणि खाली सैल ठेवतात, मग टाच आत वर-खाली होते आणि बूट नुसतं ओझं होतो. टाच अस्तराला मागे टेकवून आधी घोट्याचा पट्टा, मग खालचे, मग वरचे. हे मी सुनेकडून तीनदा करून घेतलं.

दहा दिवसांत संध्याकाळची सूज निम्म्यावर आली. रात्रीचा ठणका थांबला.

मग कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई देवी बसते, भाऊबंद गोळा होतात, रोटांचं पीठ दळलं जातं, पुरणपोळी आणि गंगाफळाची भाजी होते, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. मावशींच्या फ्रॅक्चरला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. मला खरी भीती याच दिवसाची होती. घरात पंचवीस-तीस माणसं, प्रत्येकाचा सल्ला वेगळा, आणि मांडणीसमोर बूट घालून उभी असलेली घरची मोठी सून. एखाद्या नात्यातल्या बाईने नुसतं “हे काय गं?” म्हटलं असतं तरी मावशींनी बूट काढून ठेवला असता.

म्हणून आठवडाभर आधी आम्ही बसून ठरवलं. पुरण वाटायचं काम मावशींचं, स्टुलावर बसून. पूजेच्या वेळी बूट काढायचा असेल तर खुर्चीत बसल्यावर काढायचा, पाय खाली टेकवायचा नाही, आणि उठण्याआधी पुन्हा घालायचा. मावशी कुरकुरल्या, देवीसमोर खुर्चीत बसणं त्यांना बुटापेक्षा जड वाटत होतं. आजी बाजेवरून म्हणाल्या, “खुर्चीवर बसीसन हात जोड. कानबाई काय रागे भरस का?” त्या दिवशी पाहुण्यांपैकी जे कोणी बुटाकडे पाहत होतं त्याला आजी आधीच सांगत होत्या, “पिलास्टर शे.” फुगडी नाही, विसर्जनाला नदीपर्यंत चालणं नाही. सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन सून निघाली आणि मावशींनी ओट्यावरून, बूट घालून, निरोप दिला. त्यांना रडू आलं असं सून नंतर म्हणाली. त्या पावसाळ्यात मावशींनी सोसलेल्या गोष्टींत मला ही सगळ्यात मोठी वाटते, दुखण्याहूनही.

सहाव्या आठवड्याच्या फोटोत रेघ पुसट झाली होती, पण पूर्ण गेलेली नव्हती. घरचे घाबरले. या जागच्या फ्रॅक्चरमध्ये फोटो पायाच्या मागे राहतो. जोड आधी धरतो, रेघ नंतर बुजते. डॉक्टरांनी उंचवटा दाबून पाहिला, दुखणं अगदी थोडं होतं. मधुमेह आणि पहिले वाया गेलेले तीन आठवडे धरून त्यांनी बूट आणखी दोन आठवडे ठेवला. मी मात्र त्या दिवशी फोटोआधी बुटाचा तळ पाहिला. गोलाईच्या ठिकाणी रबर गुळगुळीत झालं होतं आणि खाचांमध्ये पीठ बसलं होतं.

आठव्या आठवड्यानंतर सोडवणूक सुरू झाली. बूट एका दिवसात सोडायचा नसतो. दोन महिने बंद असलेला घोटा ताठरतो, पोटरी बारीक होते. मावशींची डावी पोटरी उजवीपेक्षा पावणेदोन सेंटीमीटर कमी भरली. आधी घरात दिवसाला एक तास कडक तळाच्या, पाठीमागे बंद असलेल्या बुटात, बाकी वेळ वॉकर बूट. दर दोन-तीन दिवसांनी तासभर वाढवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर एक पायरी मागे. टॉवेल बोटांनी गोळा करणं, रबरी पट्टा लावून पाय बाहेर ढकलणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, मग टाचा उचलणं. एका पायावरचा तोल सगळ्यात मागे राहिला. पाय मुरडण्याचं मूळ कारण तिथेच असतं, म्हणून त्यावर मी जास्त वेळ घेतला. सुरुवातीला चार सेकंद, शेवटी पंचवीस.

बाराव्या आठवड्याच्या सुमाराला नवरात्र आलं. मावशी दरवर्षी नऊ दिवस अनवाणी राहायच्या. यंदा मी नाही म्हटलं. फ्रॅक्चरपेक्षा मला त्यांच्या मधुमेहाची जास्त काळजी होती. भेगाळलेल्या टाचेत शेतातला एखादा काटा मोडला तर त्याचं काय होतं हे मी पाहिलेलं आहे. मावशींनी ऐकून घेतलं, हो किंवा नाही काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, आईचं अनवाणी मी करतो. त्यांनी पायात बूट ठेवला आणि तो नऊ दिवस अनवाणी म्हशींना पाणी पाजत होता.

आता माझ्या कागदावर ‘बूट घालता का’ असा प्रश्न नाही. तिथे मी घर काढते, चार रेघांचं. संडास कुठे, नळ कुठे, चूल कुठे, देव कुठे, माणूस झोपतो कुठे, आणि चपला कुठे निघतात. मग पेशंटला विचारते, यातल्या कुठल्या जागी सुटं प्लास्टर पायात नसतं? पहिल्याच भेटीत, बूट विकत घेण्याआधी. गावाकडच्या घरात यावर अर्धा तास जातो, पण तो मला घालवावासा वाटतो. घरातलं जे माणूस ठरवतं त्याला त्या वेळी बोलावून घेते, मग ती सासू असो, सासरा असो की नात. एकदा तर पेशंटची सात वर्षांची नात रोज शाळेतून आल्यावर आजोबांचे पट्टे तपासायची.

चौदाव्या आठवड्यात मी शेवटची भेट त्यांच्या घरीच घेतली. कापसाची पहिली वेचणी सुरू झाली होती. मावशी बंद बुटात सरीतून दोन तास वेचून आल्या होत्या, पाय सुजलेला नव्हता. त्यांनी मला दारातच थांबवलं. फुटलेली पायरी मुलाने आदल्या संध्याकाळी सिमेंटने भरली होती, तिच्यावर ओलं पोतं टाकलेलं होतं, आणि मला बाजूने, ओट्याच्या दुसऱ्या टोकाने यावं लागलं.